विनेटका गावच्या शाळा आणि खेड्यातील शिक्षक
(शिक्षण परिषदेतील भाषण)



अध्यापक विद्यालयात शिकत असताना विनेटका योजनेचे नाव बहुतेकांनी वाचलेले असते. डाल्टन योजना, प्रकल्प पद्धती, विनेटका योजना अशी ही नावे ओळीने येतात, परीक्षेत त्यांवर टीपा लिहून होतात, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षातच ती विस्मरणात जातात. यात विद्यार्थिशिक्षकाचा दोष फारसा नाही. टीपेच्या दहा ओळींत योजना मावते; परंतु ती योजना ज्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे हाताने घडविली, त्यांचे काम तीत मावत नाही. आजच्या भाषणाचा विषय योजना हा नसून ते काम हा आहे.

विनेटका हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागो शहराच्या उत्तरेस मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले गाव. अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा कारभार स्थानिक शालेय जिल्ह्यांकडे असतो. हा 'जिल्हा' आपल्याकडील जिल्ह्याएवढा मोठा नव्हे. कित्येकदा तो एका गावापुरताच असतो. शाळांसाठी लोकांवर कर बसतो, लोकांनी निवडलेले शिक्षण मंडळ असते आणि ते मंडळ शाळांचा अधीक्षक नेमते. विनेटका हे सुखवस्तू लोकांचे गाव होते, हे आरंभीच सांगितलेले बरे. तेथील मुलांच्या घरी पुस्तके होती, पायांत बूट होते, आणि मंडळापाशी पैसा होता. तेव्हा तेथील प्रत्येक गोष्ट उचलून येथे आणता येईल असा भ्रम कोणी बाळगू नये. तथापि त्या शाळांनी ज्या प्रश्नाला हात घातला, तो प्रश्न श्रीमंतांच्या गावापेक्षा आपल्या वाड्यावस्त्यांवर अधिक तीव्र आहे.

तो प्रश्न असा. एका वर्गात तीस मुले बसली, तर ती एकाच वेगाने शिकत नाहीत. गुरुजींना मात्र अभ्यासक्रम एका वेगाने पुढे न्यावा लागतो. चपळ मूल कंटाळते, संथ मूल मागे पडते. मागे पडलेल्या मुलाचे काय करावयाचे, यावर जुन्या शाळेपाशी एकच उत्तर होते : त्याला नापास करून त्याच वर्गात वर्षभर पुन्हा बसविणे. म्हणजे जे त्याला येत होते तेही पुन्हा शिकविणे, आणि जे येत नव्हते ते पुन्हा त्याच घाईने शिकविणे.

१९१९ साली विनेटकाच्या शिक्षण मंडळाने कार्लटन वॉशबर्न या एकोणतीस वर्षांच्या तरुणास अधीक्षक नेमले. शिक्षकी पेशाचा आरंभ वॉशबर्न यांनी कॅलिफोर्नियातील एका लहानशा ग्रामीण शाळेत केला होता. निरनिराळ्या वयांची आणि निरनिराळ्या तयारीची मुले एका खोलीत घेऊन बसण्याची अडचण त्यांनी तेथे अनुभवली. पुढे सान फ्रान्सिस्को येथील अध्यापक विद्यालयात फ्रेडरिक बर्क या प्राचार्यांच्या हाताखाली त्यांनी पाच वर्षे काम केले. सर्व मुलांस एका पावलाने चालविणारे शिक्षण म्हणजे कैद्यांची कवायत होय, असे बर्क यांचे मत होते आणि १९१३ साली त्यांनी त्यावर एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली होती. त्यांच्या विद्यालयाच्या सरावशाळेत मुले स्वतः वाचून, स्वतः सोडवून पुढे जाऊ शकतील अशा पुस्तिका शिक्षिकांनी तयार केल्या होत्या. हे बीज घेऊन वॉशबर्न विनेटकास आले. बहुवर्ग शाळेतील शिक्षकांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जगभर गाजलेल्या या योजनेच्या कर्त्यास पहिला धडा खेड्यातील लहान शाळेने दिला होता.

त्यांनी अभ्यासक्रमाचे दोन भाग पाडले. पहिला भाग प्रत्येक मुलास अवश्य असलेल्या गोष्टींचा : वाचन, लेखन, शुद्धलेखन, भाषा आणि अंकगणित. दुसरा भाग सामूहिक व सर्जनशील कामांचा : नाटक, संगीत, चित्रकला, हस्तव्यवसाय, चर्चा, मुलांची स्वतःची मंडळे व सभा. सकाळच्या वेळेचा सुमारे निम्मा भाग आणि दुपारच्या वेळेचा सुमारे निम्मा भाग पहिल्यासाठी, उरलेला दुसऱ्यासाठी. पहिल्या भागात प्रत्येक मूल आपापल्या गतीने चाले. दुसऱ्या भागात सर्व मुले एकत्र येत आणि तेथे कोणी कोणाच्या पुढे वा मागे नसे. विनेटकाचे नाव घेताना पुष्कळांना पहिला भाग तेवढा आठवतो. दुसरा भाग नसता, तर ती शाळा नव्हे, गिरणी झाली असती.

पहिल्या भागाची रचना जरा बारकाईने पाहू. अंकगणिताचे लहान लहान घटक पाडलेले असत. प्रत्येक मुलापाशी उद्दिष्टांचे एक कार्ड असे. घटक पुरा झाला की त्यापुढे तारीख पडे. गुणपत्रिकेऐवजी हेच कार्ड पालकांकडे जाई. मूल पुस्तिकेतील उदाहरणे सोडवी, उत्तरे स्वतः ताडून पाही, सरावचाचणी देई, आणि आपली तयारी झाली असे वाटले म्हणजे शिक्षिकेकडे खऱ्या चाचणीसाठी येई. चाचणीत सर्व उत्तरे बरोबर यावी लागत. चूक झाली तर कोणत्या प्रकारची उदाहरणे पुन्हा करावयाची, ते चाचणीवरूनच कळे. मूल तेवढीच उदाहरणे करून पुन्हा येई. एखादे मूल वाचनात वर्गाच्या पुढे आणि गणितात वर्गाच्या मागे असू शके, आणि त्यासाठी त्याला सोबत्यांतून उचलून दुसऱ्या वर्गात नेऊन बसविण्याचे कारण नसे.

येथे चाचणीचा अर्थच बदलून गेला. आपल्या सवयीची परीक्षा मुलाची प्रत ठरविते. विनेटकाची चाचणी पुढील काम ठरवीत असे. शंभरांपैकी चाळीस गुण मिळविलेला मुलगा उत्तीर्ण, असे आपण म्हणतो. उरलेल्या साठांत काय होते, हे पुढील वर्गाच्या गुरुजींस कोणी सांगत नाही.

हे बोलणे हवेत राहू नये म्हणून तिसरीच्या वर्गातील एक नेहमीचे उदाहरण घ्यावे. ५२ वजा १७ याचे उत्तर एखादे मूल ४५ असे लिहिते. गुरुजी त्यावर फुली मारतात, 'लक्ष नाही' असा शेरा देतात आणि पुढे जातात. वस्तुतः त्या मुलाचे लक्ष पुरेपूर असते. दोनांतून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातांतून दोन वजा केले. लहान अंक मोठ्यातून वजा करावयाचा, असा नियम त्याने स्वतःच्या मनाशी बांधला आहे आणि तो नियम ते इमानाने पाळीत आहे. त्याला ५०३ वजा २४७ द्या; ते ३४४ असे उत्तर आणील. तीच चूक, तोच नियम. दुसरे एखादे मूल ५२ वजा १७ बरोबर करील आणि ५०३ पाशी मात्र अडेल, कारण दशकाच्या घरी शून्य असता दशक कोठून मोकळा करावयाचा, हे त्याला ठाऊक नाही. तिसरे मूल दोन्ही उदाहरणांची रीत बरोबर मांडील आणि तेरांतून सात वजा करताना चुकेल. तिघांच्याही वहीत फुली सारखीच दिसते. औषध मात्र तिघांचे निराळे आहे. पहिल्यास दशक-एककाच्या काड्यांचे गठ्ठे पुन्हा सोडावयास द्यावयाचे. दुसऱ्यास शतक मोडून दशक आणि दशक मोडून एकक करावयास द्यावयाचे. तिसऱ्यास वीसपर्यंतच्या बेरीज-वजाबाकीचा सराव पुरे आहे. तिघांना एकत्र बसवून फळ्यावर तीच रीत चौथ्यांदा समजावून सांगणे म्हणजे तिघांचाही वेळ घेणे होय. घटक लहान पाडावयाचे ते याकरिता.

आता या सर्व पुस्तिका, चाचण्या व कार्डे आली कोठून? ती शिक्षकांनी केली. विनेटकाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. वॉशबर्न यांनी शिक्षकांची अभ्यासमंडळे चालविली. कोणते शब्द मुलांस लिहावे लागतात, कोणत्या वयास कोणते गणित झेपते, इतिहास-भूगोलातील कोणत्या व्यक्ती व स्थळे वृत्तपत्रांत आणि नियतकालिकांत वारंवार येतात, अशा प्रश्नांवर या मंडळांनी काम केले. कच्च्या पुस्तिका वर्गात वापरल्या, मुले कोठे अडली ते पाहिले, पुस्तिका पुन्हा लिहिल्या. मुलांस कोणती पुस्तके खरोखर आवडतात हे विचारून, त्यांच्या वाचनक्षमतेशी ताडून, १९२६ साली त्यांनी पुस्तकांची एक श्रेणीबद्ध यादी प्रसिद्ध केली. ती मोठ्यांच्या पसंतीवर उभी नव्हती. हजारो मुलांनी दिलेल्या मतांवर उभी होती. त्याच वर्षी या शाळांची तपशीलवार पाहणीही प्रसिद्ध झाली. निव्वळ हुकमाने एवढे काम होत नसते. आपल्या निरीक्षणाला किंमत आहे, आपण सुचविलेला बदल उद्याच्या पुस्तिकेत येणार आहे, अशी खात्री असल्यावाचून शिक्षक रात्रीचा वेळ या कामी घालवीत नाही. शाळेचे 'वातावरण' म्हणून जे म्हणतात, ते भिंतीवरील सुविचारांत शोधण्याऐवजी या खात्रीत शोधावे.

१९४० साली त्या गावाने क्रो आयलंड नावाची नवी प्राथमिक शाळा बांधली. एलिएल सारिनेन आणि त्यांचे पुत्र ईरो सारिनेन हे विख्यात वास्तुशिल्पी तिच्या आखणीत होते. त्यांच्या जोडीला शिकागोचे तरुण वास्तुविशारद होते. त्यांपैकी लॉरेन्स पर्किन्स हे नकाशा काढण्यापूर्वी वर्गांत जाऊन बसले. शिक्षकांस त्यांनी विचारले. एवढेच नव्हे, तर झाडलोट व देखभाल करणाऱ्या सेवकांसही विचारले. फ्रान्सिस प्रेस्लर या शिक्षिकेने शाळेत मुलांस कसे वाटावे याविषयी वास्तुविशारदांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. या विचारपुशीतून जी इमारत उभी राहिली, तीत प्रत्येक वर्ग काटकोनी आकाराचा असून त्याला स्वतःची कामाची खोली, स्वतःचे स्वच्छतागृह आणि बाहेरच्या अंगणात उघडणारे दार होते. छत ठेंगणे, दिव्याची बटणे मुलांच्या हाताच्या उंचीवर. सभागृहातील आसने पुढे लहान आणि मागे क्रमाने मोठी. १९९० साली ही इमारत अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक म्हणून घोषित झाली. आपल्याकडे खोलीचा आराखडा तालुक्याहून ठरून येतो आणि फळा कोणत्या भिंतीस लावावयाचा हेही कित्येकदा गवंडीच ठरवितो. तरी फळ्याची उंची, पाण्याच्या नळाची उंची आणि पुस्तकांच्या मांडणीची उंची या तीन गोष्टी कोणत्याही मुख्याध्यापकाच्या हाती आहेत.

या प्रयोगावर टीका झाली नाही असे नाही. १९२५ साली अमेरिकेतील एका विद्वत्संस्थेने वैयक्तिक भेदांनुसार शिक्षण या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात प्रकल्प पद्धतीचे पुरस्कर्ते किलपॅट्रिक यांनी आक्षेप घेतला की, कौशल्यांचे तुकडे करून ती जीवनापासून वेगळी शिकविली तर शिक्षण यांत्रिक होते. आक्षेप पोकळ नव्हता. एकटे मूल कागदामागून कागद भरीत बसले आणि शेजारच्याशी बोललेच नाही, तर त्याला गणित येईल, परंतु विचार मांडता येणार नाही. मंदीच्या काळात गावातही कुरकुर झाली. असल्या नव्या खुळांवर कराचा पैसा कशास, असे विचारणारे लोक १९३३ च्या शिक्षण मंडळाच्या निवडणुकीत उभे राहिले. गावाने मात्र शाळांच्या बाजूने कौल दिला.

दुसरी एक गोष्ट अधिक सावध करणारी आहे. मेबल मॉर्फेट आणि वॉशबर्न यांनी १९३१ साली विनेटकाच्या मुलांची पाहणी करून असा निष्कर्ष काढला की, साडेसहा वर्षांचे मानसिक वय होईपर्यंत वाचन शिकविण्याची घाई करू नये. निष्कर्ष एका गावाचा, एका पद्धतीचा होता. पुढे अनेकांनी तो सार्वत्रिक नियम मानला आणि मुलांस वाचनापासून थांबवून ठेवण्यास त्याचा आधार घेतला. १९३७ साली आर्थर गेट्स यांनी दाखवून दिले की, मूल केव्हा वाचू लागेल हे शिकविण्याच्या रीतीवर आणि साधनांवरही अवलंबून असते. म्हणजे ज्यांनी मुलामुलांतील भेद पाहावयास शिकविले, त्यांच्याच आकड्याने जगातील मुले एका मापाने मोजली गेली! प्रयोगाची नक्कल करताना नेहमी हा धोका असतो. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने चाललेले वर्ग पाहण्यास महाराष्ट्रभरातून शिक्षक गेले. ज्यांनी मुलांस स्वतः कृती करून, चुका करून शिकू देण्याची तेथील रीत आणली, त्यांचे वर्ग बदलले. काही ठिकाणी मात्र फरशीवरील रंगीत आकृत्या तेवढ्या आल्या. मुले त्यांच्यावर बसून पूर्वीप्रमाणेच एका सुरात पाढे म्हणत राहिली.

तर मग आपल्या द्विशिक्षकी शाळेने यातून काय घ्यावे? एका गुरुजींकडे पहिली व दुसरी, दुसऱ्यांकडे तिसरी व चौथी. एका इयत्तेस शिकवीत असता दुसरी इयत्ता काय करते, हा तेथील रोजचा प्रश्न आहे. बहुधा ती धडा उतरवून काढते. विनेटकात वैयक्तिक काम ही शिक्षकांनी पत्करलेली पद्धती होती; द्विशिक्षकी शाळेत ती गरज आहे, कारण मुलास काही काळ गुरुजींवाचून काम करावेच लागते. त्या वेळात उतारा काढण्याऐवजी स्वतः तपासता येणारे काम त्याच्या हाती असले, तर तो वेळ फुकट जात नाही. यासाठी छापखाना नको. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे, एका अंगास उदाहरण, दुसऱ्या अंगास उत्तर, कोपऱ्यात घटकाचा क्रमांक. वजाबाकीचे आठ-दहा घटक पडतील. प्रत्येकी वीस पुठ्ठे केले तर एका शाळेस दोनशे पुठ्ठे लागतील. केंद्रातील दहा शाळांनी वाटून घेतले तर एका शाळेच्या वाट्यास एक घटक येईल.

मुलास नापास न करण्याच्या धोरणाविषयी शिक्षकांत वाद चालतो, त्यावरही विनेटकाचा अनुभव प्रकाश टाकतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यात आठवीपर्यंत मुलास मागे ठेवू नये असे ठरले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीसाठी राज्यांना निराळा निर्णय घेण्याची मोकळीक मिळाली. पुष्कळ शिक्षक म्हणतात की, नापासाची भीती गेली आणि अभ्यास गेला. विनेटकातही मुलास त्याच वर्गात पुन्हा बसवीत नसत; परंतु कच्चा घटक पक्का झाल्यावाचून पुढील घटकाकडेही जाऊ देत नसत. आपण यांतील पहिली गोष्ट घेतली आणि दुसरी सोडली. परिणामी चौथीच्या हजेरीपटावर नाव असलेले, परंतु दुसरीची वजाबाकी न येणारे मूल निर्माण झाले. त्याला नापास केले तरी वजाबाकी आपोआप येणार नाही, आणि पास केले तरी येणार नाही. हे मूल कोणत्याही शाळेत शेवटच्या रांगेत सापडते. ते त्रास देत नाही, प्रश्न विचारीत नाही, आणि सातवीनंतर एके दिवशी शाळेत येईनासे होते. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर जाऊन परतलेल्या मुलाची स्थिती तर याहून बिकट; त्याचे चार महिन्यांचे घटक एकदमच निसटलेले असतात. त्याच्या नावाचे एक कार्ड असेल, तर तो कोठे थांबला होता हे परत आल्या दिवशी कळेल, आणि जेथे थांबला तेथूनच आरंभ करता येईल.

शिक्षक म्हणतील की, इतकी कागदपत्रे व माहिती भरण्यातच दिवस जातो, त्यात आणखी कार्डे कशी भरावयाची? तक्रार रास्त आहे, आणि तिचे उत्तर देण्याचे ओझे शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. ते अधिकाऱ्यांकडून यावयास हवे. जे कार्ड मुलास व गुरुजींस उपयोगी पडते, ते वर मागविण्याचे कारण नाही. त्याची प्रत कोणत्याही कार्यालयात जाऊ नये. केंद्राची मासिक शिक्षण परिषद परिपत्रकांच्या वाचनात आणि माहितीच्या तक्त्यांत संपू नये, हेही तितकेच खरे. विनेटकाची अभ्यासमंडळे आणि आपली शिक्षण परिषद यांत साधनांचा फरक मोठा आहे. परंतु दहा-बारा शिक्षक, एक खोली आणि मुलांच्या वह्या एवढे भांडवल आपल्यापाशीही आहे.

म्हणून पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने तिसरीच्या पाच मुलांच्या वजाबाकीच्या वह्या आणाव्यात. वह्या तपासून आणू नयेत. हुशार मुले निवडू नयेत, तशीच फार मागे असलेलीही निवडू नयेत. हजेरीपटावरील दर तिसरे नाव घ्यावे. परिषदेत वह्या आपसात बदलावयाच्या, आणि बरोबर-चूक अशी खूण न करता प्रत्येक चुकीपुढे ते मूल कोणता नियम पाळीत असावे, एवढेच लिहावयाचे. त्या चुकांच्या यादीवरून घटक ठरतील आणि घटक शाळांना वाटून दिले जातील. पुठ्ठे, कात्री व शाई केंद्रशाळेत ठेवण्याची व्यवस्था झाली आहे. परिपत्रके त्या दिवशी वाचली जाणार नाहीत. ती टपालाच्या पिशवीतून शाळांना मिळतील.